शेवटचा परिच्छेद

कोल्हापूर, ८ सप्टेंबर १९९८

सौ. निर्मलास, घरच्या सगळ्यांची आठवण काढत सिद्धरामचे आशीर्वाद.

माझं एम. फिल.चं पहिलं प्रकरण आज पुन्हा परत आलं. मार्गदर्शक इनामदार बाईंनी स्वतःच बोलावून सांगितलं. म्हणाल्या, "परिच्छेद चांगले आहेत हो, पण भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे. एकाचा दुसऱ्याशी संबंधच नाही."

ही सवय वर्तमानपत्रातली. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, म्हणून प्रत्येक परिच्छेद सुटा ठेवायचा आणि कमी महत्त्वाचं शेवटी टाकायचं. इथं मात्र एकातून दुसरं निघायला हवं. ते जमलं नाही, तर शिक्षण सोडून पुन्हा कचेरीत रुजू व्हावं लागेल.

तब्येत बरी आहे. खानावळही चांगली आहे. जतला पाऊस झाला का? भूमिका शाळेत जाताना अजून रडते का?

यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

जेवण अर्धंच जातं, कारण समोर आपलं कोणी नसतं. काल खानावळीच्या शालूबाई म्हणाल्या, "पावणं, उरल्याली भाकरी कुणासाठी ठेवताय? हितं कोण येनार न्हाय की!" मी हसलो, पण ते मनात राहिलं आणि खोलीवर जाऊन एक ओळही लिहिता आली नाही. म्हणून ठरवलंय, शुक्रवारी प्रकरण बाईंच्या हातात द्यायचं आणि त्या काहीही म्हणोत, शनिवारी पहिल्या एसटीनं घरी यायचं. दुपारी माझं पान मांड.

तुझा,
सिद्धराम