ओट्याची उंची

भोर

प्रिय गुलफशा,

तुझी अम्मी गेल्यापासून मी स्वयंपाकघरात खिचडीपुरताच जायचो. या उन्हाळ्यात ते नवीन करून घेतलं. तुझा शाकिर हसेल, एसटीच्या रिटायर ड्रायव्हरला हा शौक कुठून लागला म्हणून.

हात आखडूनच खर्च करायचा होता. सारोळ्याला हायवेलगत पाडलेल्या घरांचं सामान विकतात, तिथून सागवानी खिडकी आणली. पूर्वेच्या भिंतीत बसवल्यावर सकाळी बल्ब लावावा लागत नाही. ओटा काळ्या कडप्प्याचा. भिंतीला दुकानात उरलेल्या फरशा. एका रंगाच्या पुरेशा नव्हत्याच. पासलीचे गेनबा गवंडी म्हणाले, "हनीफभाई, हे ठिगळावानी दिसंल."

पण वेल्ह्याच्या बाजारात शिलाईकाम करणाऱ्या कुलसुम आल्या. त्यांनी फरशा जमिनीवर मांडल्या, पांढऱ्यांत मधूनच निळी, कोपऱ्याला पिवळी. गेनबा बघतच राहिले. खालच्या कप्प्यांना महागड्या दारांऐवजी कुलसुमनीच शिवलेले जाड पडदे आहेत. आता शेजारणी बघायला येतात.

कुलसुम वर्षानुवर्षं माझ्या वेल्हे गाडीनं जायच्या. नवरा वारल्यापासून एकट्याच राहतात. रिटायर झाल्यावरही मी त्या गाडीनं जात राहिलो, तिकीट काढून.

अम्मीची भांडी घराबाहेर काढलेली नाहीत. तिचं तांब्याचं पातेलं मी माळ्यावर टाकणार होतो. कुलसुमनी कल्हई करून समोरच्या फळीवर ठेवायला लावलं.

ओटा बांधताना गेनबांनी विचारलं, "हितं उभं कोन ऱ्हानार?" अम्मी उंच होती. मी तळहात जरा खाली धरला. त्यांनी तिथंच खूण केली.

काम संपल्यावर कुलसुमना म्हटलं, पहिला चहा तुम्ही करा. त्या दारातच थांबल्या. "गुलफशाला सांगितलंत?" मी खिडकीबाहेर बघू लागलो. "मग आज न्हाई. लेकीला न सांगता मी हितं गॅस पेटवायची न्हाई."

आम्ही निकाह करायचं म्हणतोय, बेटा. फोनवर तू गप्प झाली असतीस तर मी घाबरून पावसापाण्याचं बोललो असतो, म्हणून लिहिलं. राग आला तर घरी येऊन भांड, रडू आलं तर माझ्यासमोर रड. अम्मीची जागा कुणाला देत नाहीये. माझ्या शेजारची रिकामी आहे, एवढंच. तारीख अजून धरलेली नाही. ती तू सांगशील तेव्हाच.

तुझाच,
अब्बा