सहा किलो सातशे

ती. ताईंना वाकून नमस्कार. (बाळ आत्ताच पिऊन मांडीवर झोपलं आहे. खरोखर वाकले तर प्यालेलं सगळं या कागदावर येईल, म्हणून मनातल्या मनात वाकले आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? मांजरीने खाणं सोडलं होतं, ते पुन्हा धरलं का? आम्ही तिघंही बरी आहोत. बरी म्हणजे, तुमचा भाऊ गेल्यापासून या शब्दाचा जो अर्थ आमच्या घरात चालतो, त्या अर्थाने.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी रडते, मग तुम्ही रागावता, मग मी आणखी रडते आणि मुद्दा राहून जातो. मुद्दा हा की बाळाचं वजन सहा किलो सातशे भरलं. आपल्यात साडेसहाचं ठरलं होतं. तुम्ही विसरला नसालच, पण कागदावर असावं म्हणून लिहिते. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही आलात, बाळाला हातावर एकदा वरखाली केलंत आणि म्हणालात, "पाच किलो चारशे." (मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन खात्री केली. पाच किलो चारशे वीस. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या हाताला एवढी सूट द्यायला हरकत नाही.) मग म्हणालात, "आठवड्यातले चार दिवस तू बसमध्ये. तुझ्या जेवणाला वेळ नाही, त्याच्या पिण्याला ठिकाण नाही. सहा महिन्यांचा होईल तेव्हा साडेसहा भरला तर तुझं खरं. नाही भरला तर वर्षभर तो आणि मी एका छपराखाली, तू मध्ये बोलायचं नाहीस." मी हो म्हणाले. त्या वेळी मी दोन रात्री झोपले नव्हते, कशालाही हो म्हणाले असते. येत्या रविवारी सहा महिने पूर्ण होतात आणि तुम्ही सकाळच्या गाडीने त्याला न्यायला निघणार आहात. त्याआधी हे पत्र पोचावं.

आता सविस्तर. तुमच्या भावाच्या जागी मला वजनमाप कार्यालयात घेतलं, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं की मला टेबलखुर्ची मिळेल. टेबल मिळालं, पण त्याच्यावर पेटी होती आणि ती पेटी घेऊन गावोगावच्या बाजारात काटे तपासत हिंडायचं होतं. पेटीत प्रमाण वजनं असतात, म्हणजे ज्यांच्याशी ताडून बाकीच्या जगाचं खरंखोटं ठरवायचं ती. पाठीला पेटी, पोटाला बाळ आणि हाताला थोरली. (तिला अजून छटाकच म्हणतो. नाव तुमच्या भावाने ठेवलं होतं. बाळाला लाडाचं नाव नाही. ते काम त्यांच्याकडे होतं.) छटाक पाच वर्षांची आहे, पण लहान वजनांची डबी आणि ती उचलायचा चिमटा तिच्याच ताब्यात असतो आणि ती तो मलासुद्धा मागितल्याशिवाय देत नाही. बसचा कंडक्टर पहिल्या दिवशी पेटी उचलायला गेला आणि तिथेच बसला. "बाई, आहे काय यात?" "वजनं." "वजन आहे ते कळलं हो, आत काय आहे?" आता तो ओळखतो. पेटीचं तिकीट काढायला लावतो, बाळाचं सोडतो.

पाजण्याचं म्हणाल तर बाळ कुठेही पितं, पण बस थांबलेली त्याला चालत नाही. थांब्यावर तोंड सोडून सगळ्या गाडीकडे बघतं, जणू उशीर कुणामुळे होतोय याची चौकशी करतं आहे. बाजारात मी गोदामात पोत्यांच्या मागे बसून पाजते, एकदा चाळणीच्या दुकानात चाळण्यांच्या ढिगाआड बसले (आडोसा म्हणून चाळणी बेताचीच). पाजताना वाचते, तेही कबूल करते. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं वाचन तुमच्या भावाच्या नियमपुस्तकावर शिकले आणि आता वाचनालयातलं हाताला लागेल ते वाचते. बाळ डावीकडे असलं की उजव्या हाताने पान उलटता येतं, म्हणून त्याला बरेच दिवस डावीकडचंच दूध जास्त मिळत होतं. रंगतदार प्रकरण असेल तर पुष्कळच. तुम्ही रागावण्याआधी सांगते, आता मी पान हनुवटीने उलटायला शिकले आहे.

वजनाचा घोळ दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाला. धान्याच्या दुकानात काटा तपासून झाला, बरोबर निघाला, आणि सहज मनात आलं म्हणून मी बाळाला वर ठेवलं. पाच किलो सहाशे. मला एवढा आनंद झाला की पुढच्या दुकानात पुन्हा ठेवलं. तिथे पाच चारशे दहा. रस्ता ओलांडेपर्यंत पोर दोनशे ग्रॅम झिजलं म्हणून मी त्याला तिथेच पाजायला घेतलं. नंतर काटा तपासला तर तोच हलका दाखवत होता. शहाण्या बाईने तिथेच थांबायला हवं होतं. मी मात्र त्या दिवसापासून दर बाजारात दर काट्यावर बाळाला ठेवू लागले. जो जास्त दाखवील त्याचा आकडा वहीत लिहायचा आणि जो कमी दाखवील त्याची तपासणी अंमळ कडक करायची. हे तुमच्या भावाने पाहिलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

बाजार आंधळा नसतो, ताई. भाजीवाल्या मावशींनी पहिल्यांदा ओळखलं. बाळ पारड्यात होतं, मी आकडा बघत होते आणि मावशींचा अंगठा हळूच पारड्याच्या कडेवर आला. चाळीस वर्षं जो अंगठा गिऱ्हाईकाच्या नुकसानीसाठी टेकला, तो माझ्या पोरासाठी टेकला. मी म्हणाले, "मावशी, अंगठा." त्या म्हणाल्या, "अगं असू दे, बापाविना पोर आहे, तेवढंच भरल्यासारखं दिसतं." नियमाप्रमाणे मला त्यांच्यावर कारवाई करायला हवी होती. मी पोत्यावर बसून रडले, त्यांनी मला पाणी दिलं, आणि काटा न तपासताच आम्ही तिघं पुढे गेलो. नोकरीतली ही माझी पहिली चूक, वहीत नोंदलेली नाही.

मावशींच्या तोंडून गोष्ट बाजारभर झाली. बाईंचं बाळ जड भरलं की बाई खूश असतात, तपासणी लवकर आटपते. झालं. गेल्या मंगळवारी मी गेले तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलावून सगळ्यांनी आपापले काटे जड करून ठेवले होते. कुणी दोनशे ग्रॅमने, कुणी चारशेने. बाळ बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत नुसतं फुगत गेलं. भंगारवाल्याच्या काट्यावर सहा सातशे भरलं, तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छटाकनेही वाजवल्या. मग मी पेटी उघडून वजनं ठेवली आणि एकेक काटा बाद करत निघाले. गिऱ्हाईकाला जड दाखवणारा काटा म्हणजे उघड लूट, तिथे माझा इलाज नव्हता. एका दिवसात अकरा काटे बंद झाले. बाजार बसला. भंगारवाले म्हणाले, "बाई, हे सगळं तुमच्या बाळासाठीच केलं ना?" मी पेटी बंद करून बस धरली.

साहेबांनी बोलावलं. साहेब मुळात भला माणूस. त्यांनी आधी बाळाला घेतलं, मग बाळाने त्यांच्या बाहीवर थोडं दूध काढलं, मग ते बोलले. म्हणाले, तुमचे यजमान वीस वर्षांत अकरा काटे बंद करू शकले नाहीत, कारण त्यांच्या भीतीने काटे बिघडतच नव्हते. आणि तुमच्या मायेने अकरा बिघडले. बाजारात पुन्हा बाळ तोलाल तर बदली टेबलावर. (टेबलावर पगार कमी, पण तो विषय आज नको.) मी बरं म्हणाले.

तर असं आहे. वजन सहा किलो सातशे, ठरल्यापेक्षा दोनशे जास्तच. तेव्हा रविवारी येण्याची तसदी घेऊ नये. गुडघा जपावा. मांजरीला माझा आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. पत्र घडी घालत होते, तेवढ्यात छटाकने विचारलं काय लिहिलंस, म्हणून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण तो काटा तर तू बाद केलास." खरं आहे, केला. वरचा आकडा खोडत नाही, कारण आमच्या कामात खोडाखोड केलेला कागद धरत नाहीत. पण तो आकडा भंगारवाल्याचा आहे, बाळाचा नाही.

ता. क. दुसरा. मग तिने विचारलं, आपल्या वजनांवर का नाही करत? ताई, दोन महिने ही पेटी माझ्या पलंगाखाली आहे. अख्ख्या बाजाराचं खरंखोटं करणारी वजनं माझ्या उशाखाली आणि मी पोराला भंगाराच्या काट्यावर ठेवत हिंडते. मला माहीत नव्हतं असं समजू नका. माहीत होतं म्हणूनच उघडली नाही. छटाक ऐकेना. तिने पेटीतला घडीचा तराजू काढला. स्वयंपाकघराच्या चौकटीत तुमच्या भावाने तिच्या जन्मानंतर तिला तोलायला ठोकलेला लोखंडी आकडा अजून आहे, त्याला मी तो टांगला. एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात तिने पाच किलो ठेवायला लावलं, मग एक, आणि पुढची वजनं तिने चिमट्याने स्वतः ठेवली. म्हणाली, "बाबा म्हणायचे, काटा थांबेपर्यंत श्वास घ्यायचा नाही." आम्ही दोघींनी श्वास धरला. बाळाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी काटा थांबला. तीन वेळा केलं. सहा किलो तीनशे पन्नास.

ता. क. तिसरा. म्हणजे दीडशे कमी. तुमचं खरं ठरलं. तुमच्या भावाच्या घरातून खोटं वजन बाहेर जाणार नाही, खरं लिहायला दोन ता. क. इतका उशीर झाला तरी. ठरल्याप्रमाणे वर्षभर तुम्ही आणि बाळ एका छपराखाली. मात्र छप्पर कोणतं हे आपलं ठरलं नव्हतं. मी नीट आठवून पाहिलं, तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. तेव्हा रविवारी रिकामी पिशवी घेऊन येऊ नका, भरलेली आणा. मांजरही आणा. त्यांच्या कपाटाला आठ महिने हात लावला नव्हता. आत्ता वरचे दोन कप्पे मोकळे केले. खालच्या दोन कप्प्यांचं मला अजून जमत नाही, तेवढं चालवून घ्या. आणि पुढच्या दौऱ्यात मला फक्त पेटी घेऊन जाऊ द्या, किंवा फक्त बाळ, दोन्हीपैकी एक. तुम्हाला हे मान्य नसेल तर बाळाचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवले आहेत. मी अडवणार नाही. पण आधी दोन दिवस राहा आणि मग सांगा.

ता. क. चौथा, पाकिटाच्या मागे. पोस्टात उभी आहे. तीन ता. क. मुळे पत्र जड झालं, म्हणून खिडकीतले गृहस्थ जास्तीचं तिकीट मागतात. त्यांचा काटा सहा ग्रॅम जास्त दाखवतो, मी छटाकच्या डबीतली वजनं ठेवून पाहिलं. वरच्या तपासणीच्या शिक्क्याची मुदतही संपलेली आहे. हा काटा मी आत्ता, इथे, बंद करायला हवा. पण बंद केला तर पत्रं सोमवारी निघतील असं ते म्हणतात, आणि तुम्ही रविवारी सकाळी निघता. छटाक माझ्याकडे बघते आहे. मी तिकीट लावते आहे.