पंधरा दिवसांचा तक्ता

३ सप्टेंबर, दुपारी १
आत्ताच उठलो. काल कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे गेलो होतो. म्हणजे सरांनी पाठवलं, अठरा दिवस लेक्चरला नव्हतो म्हणून. मॅडमनी पंधरा दिवसांचा तक्ता दिला. झोप, जेवण, आंघोळ, चालणं, कुणाशी बोललात. रोज भरायचा. मला तसा प्रॉब्लेम काहीच नाही, फक्त शिस्त हवी. उद्यापासून सहाला उठणे.

४ सप्टेंबर
सहाला उठलो. अलार्म बंद केला. साडेबाराला पुन्हा उठलो. रूम पार्टनर मला आरंभशूर म्हणाला. चला, आरंभ तरी मान्य केला.

५ सप्टेंबर
डोकं चाललं! रोज तक्ता भरण्यात वेळ कशाला घालवा? पंधराही दिवस आजच भरून टाकले. निळं पेन, काळं पेन, आलटूनपालटून. चालणं चाळीस मिनिटं. एक दिवस पस्तीस, खरं वाटावं म्हणून. बोललो : आई, पार्टनर, दोन मित्र. आता फक्त तक्त्याप्रमाणे वागायचं. अर्धं काम झालंच.

८ सप्टेंबर
पार्टनरनं जेवायला हाक मारली. म्हटलं, हो पुढे, आलोच. तो ताट झाकून घेऊन आला तेव्हा मी चादरीतच. तुझं 'आलोच' म्हणजे नक्की कधी, म्हणाला. आगाऊ आहे. ताट तसंच राहिलं.

११ सप्टेंबर
आईचा फोन. मस्त चाललंय म्हटलं. आवाज बसलाय का रे, म्हणाली. सर्दी म्हटलं. मग वाफ कशी घ्यायची ते वीस मिनिटं ऐकलं. फोन ठेवल्यावर उगाच रडू आलं. सर्दीच असेल.

१४ सप्टेंबर
पार्टनर हल्ली हाक मारत नाही. कटकट गेली. आंघोळ उद्या.

१८ सप्टेंबर, सकाळी ९
आंघोळ केली! आज मॅडमना खरं सांगणार. तक्ता खोटा आहे, मला उठावंसंच वाटत नाही. वाक्य पाठ केलंय.

त्याच दिवशी, दुपारी
तक्ता बघून मॅडम इतक्या खूश झाल्या की शेजारच्या केबिनमधल्या मॅडमना बोलावून दाखवला. नाव झाकून बोर्डावर लावू का, विचारलं. आता यायची गरज नाही म्हणाल्या, तुझी वेळ खरी गरज असलेल्या मुलीला देते. मी थँक यू म्हटलं.

१९ सप्टेंबर
पार्टनरचा मेसेज. बोर्डावरचा फोटो आणि खाली : अक्षर ओळखलं. माझ्याशी पंधराही दिवस बोललास म्हणे, कधी रे?
उत्तर लिहिलं. खोडलं. आंघोळ नाही, जेवण नाही. तक्ता संपलाय, म्हणजे कुठे लिहायलाही नको.