आधी आभाळ दाखवा

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

पुन्हा भांडण. विषय तोच — बंदूक!

सोळा वर्षं फौजेत काढून आमचे हे आता बोईसरला एटीएमच्या कॅशगाडीवर गनमॅन. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा, म्हणून ड्यूटी संपली की ती दोन नळ्यांची दुनळी घरी येते. आणि राहते कुठे? कपाटावर, माझ्या जुन्या हिरव्या साडीत गुंडाळून. काडतुसांचा पट्टा खुंटीला. घरात सहा वर्षांची उत्कर्षा! म्हटलं, लोखंडी पेटी करा, कुलूप लावा. तर म्हणे, "माझी पोरगी हात लावणार नाही. सांगून ठेवलंय तिला."

सांगून ठेवलंय! गॅसपाशी येऊ नको म्हणून मी तिला दिवसातून दहा वेळा सांगते, तिथं काय झालं?

१९ ऑगस्ट

घरमालकीण जयवंतीमावशी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. हसल्या. "बाय, पोरांपासून काय लपतं? माजा नातू फळीवरचा गूळ खातो नि मांजराचं नाव सांगतो. तुजी पोर काय येगळी हाय?"

वेगळी नाहीच. पण हे बापाला कोण सांगणार?

२४ ऑगस्ट, रविवार

जिंकले!!

हे चहा पीत होते. मी भाजी चिरता चिरता सहज विचारलं, "उत्कर्षा, बाबांची बंदूक कुठे असते गं?" पठ्ठी उठली. स्टूल ओढलं, त्यावरून शिलाई मशीनवर, आणि टाचा उंचावून थेट साडीचा काठ धरला. "ही काय! आणि गोळ्या खुंटीला. बारा आहेत. मी मोजल्यात."

यांनी चहा तसाच ठेवून तिला खाली उतरवलं. फौजी माणूस, पण कपाळाला घाम फुटलेला मी पाहिला. मीही टोमणा मारला नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत नाही मारला.

३० ऑगस्ट

पेटी आली! एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घेतली. जाड पत्रा, आतून बिजागऱ्या. भिंतीला बोल्ट मारायचे म्हणून मावशींना विचारलं. "मार भोक. भित माजीच हाय."

बंदूक पेटीत. काडतुसं वेगळ्या डब्यात, त्याला वेगळं कुलूप. किल्ल्या यांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. आंघोळीलाही काढायच्या नाहीत, सांगून ठेवलंय. (आता मीही सांगून ठेवते!)

२ सप्टेंबर

आजपासून नवा नियम, माझा. हे ड्यूटीवरून आले की उंबऱ्याबाहेर थांबायचं, दुनळी मधून मोडून उघडायची, तोंडं बाहेर शेताकडे वर धरायची. मी मागून बघणार. दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसलं, म्हणजे आत काडतूस नाही, तरच घरात पाऊल.

"मला शिकवतेस?" म्हणाले.

"हो. दाखवा आभाळ."

दाखवलं!

११ सप्टेंबर

आता उत्कर्षाच आधी ओरडते, "बाबा, आभाळ!" तिला एवढंच शिकवलंय — बंदूक दिसली, कुणाचीही असो, हात पाठीमागे आणि मोठ्या माणसाला हाक.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज सगळं लिहिणार!

यांच्या कॅशगाडीवाल्या एजन्सीच्या आवारात दरवर्षीसारखी शस्त्रपूजा. टेबलावर आठही गनमॅनच्या दुनळ्या, हळदकुंकू, झेंडूचे हार. फुलांत सगळ्या सारख्याच दिसतात. हे सकाळच्या मासवणच्या फेरीवरून परस्पर तिकडेच आलेले. मी मागे प्रसादाची केळी कापत होते. पुढे फोटो चाललेले. सुपरवायझर कमलाकांत साहेबांना दरवर्षीची हौस, पोरांनी बंदुकीवर हात ठेवायचा आणि फोटो काढायचा. चार पोरांचे झाले. मग उत्कर्षाचा नंबर.

तिने हात पाठीमागे घेतले. "आधी आभाळ दाखवा."

सगळे खो खो हसले. साहेबांना कुणीतरी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "घे बाई, दाखवतो!" आणि एकेक बंदूक उघडायला लागले. पहिली — आभाळ. दुसरी. तिसरी. पोरं टाळ्या वाजवत होती. सहावी उघडली आणि हसणं थांबलं. मी सुरी टाकून पुढे धावले.

आभाळ नव्हतं. दोन्ही नळ्यांत काडतुसं.

साहेबांनी काडतुसं काढून खिशात टाकली, नाव कुणाचंच घेतलं नाही. पंढरीभावजी पुढे झाले आणि ती बंदूक उचलून आत घेऊन गेले. म्हणजे कळलंच! यांच्याच गाडीवरचे ते. एक नंबर विसराळू — मागे बायकोला पालघर स्टेशनवर विसरून आले होते.

पुढच्या वर्षीपासून फोटो बंद, आणि पूजेआधी प्रत्येक बंदूक उघडून बघायची, साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं. माझ्या पोरीमुळे! सहा वर्षांच्या! बायका तिची अलाबला घेत होत्या. यांनी तिला उचलून इतकं आवळलं की ती ओरडली, "बाबा, दुखतंय!"

२ ऑक्टोबर, दसरा

आमच्या अख्ख्या बेटेगावात बातमी. जयवंतीमावशींनी उत्कर्षाला ओवाळलं. मी तर हवेतच!

पंढरीभावजी सोनं द्यायला आले. मी दारातच अडवलं, "भावजी, आधी आभाळ दाखवा!" शेजारणी हसल्या. तेही हसले, आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि चपलांकडे बघत राहिले. म्हटलं, बरी जिरली.

४ ऑक्टोबर

जेवता जेवता यांनी ताट सारलं. "सहावी बंदूक माझी होती, प्रतीक्षा. गडबडीत काडतुसं काढायची राहून गेली. पंढरीनं ओळखली, म्हणून उचलली."

उत्कर्षा समोर वरणभात खात होती. मी तिच्या हातांकडेच बघत बसले.

लाडवांचा डबा भरलाय. पंढरीभावजींकडे निघालोय, तिघंही.