ढमीचा ताबा आणि इतर व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा. गुडघे सोडले तर सगळे जागेवर आहे, डोके तर नक्कीच. हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. वकिलांनी मसुदा दिला होता. त्यात आमच्या कुत्रीला 'जंगम मालमत्ता' म्हटले होते, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

१. राहते घर व मागची पिल्लांची खोली मुलाला. हे घर जातिवंत पिल्लांच्या विक्रीवर उभे राहिले, मुलाचे शिक्षणही त्यावरच झाले. त्या धंद्याला सरसकट नावे ठेवण्याइतकी मी कृतघ्न नाही.

२. बँकेतील ठेव मुलगा व सून यांना निम्मी निम्मी. सुनेचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात जावा. यावर चर्चा नको.

३. ज्या तराजूवर आमचे हे, म्हणजे माझे यजमान, पिल्ले तोलायचे तो नातीला. पिल्लाला गार लागू नये म्हणून हे पारड्यात आधी फडके घालायचे. फडकी मी धुवायची.

४. ढमी. घरातली शेवटची कुत्री, आत्ता माझ्या पायावर झोपली आहे. गिऱ्हाइकांना चपटे नाक हवे असे, म्हणून दर वेळी जास्त चपट्या नाकाचे पिल्लू हे पुढच्या वेतासाठी ठेवायचे. ढमी घोरू लागली की म्हणायचे, "बघ, कशी सुखात झोपलीय." हे गेल्यावर मी पुस्तके आणून वाचली आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "काकू, ती घोरत नाही, श्वास ओढतेय." यांना हे कळले असते तर यांची झोप उडाली असती.

पिल्लांची डोकी मोठी, त्यामुळे तिची दोन्ही बाळंतपणे पोट फाडून झाली. पुन्हा भूल दिली तर ती उठेलच असे नाही, म्हणून पिल्ले बंद करण्याचे ऑपरेशनही होत नाही. मुलगा म्हणतो, "आई, शेवटचं एकदाच. लोक आगाऊ पैसे द्यायला तयार आहेत." त्याचा तिच्यावर जीव आहे, ती आजारी पडली की तो जेवत नाही. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्याला जमत नाही. अगदी वडिलांवर गेला आहे. म्हणून ढमी त्याला देत नाही.

५. ढमी माझ्या नणंदेला द्यावी. मुलाने ऊन उतरल्यावर स्वतः नेऊन पोचवावी. नणंदेचे व माझे कधी पटले नाही. नवे घर बघायला आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "मुक्या जिवाच्या बाळंतपणावर दुकान चालवता तुम्ही." ते मी अजून माफ केलेले नाही, याची इथे नोंद असावी.

परवा त्यांना फोन केला.

"मी कशाला गं, वहिनी? मला कुत्र्यांतलं काय कळतं?"

"वन्सं, सगळ्या नात्यागोत्यात आमच्याकडे पिल्लू न मागितलेल्या तुम्ही एकट्याच."

त्यांनी विचारले, "जिने चढते का?"

"नाही हो. दम लागतो तिला."

"मग मीच इथली वरची खोली सोडून खालच्या खोलीत राहायला जाते."

वरील सर्व वाचून, पटवून घेऊन सही करते.

(सही)

साक्षीदार: १. प्राण्यांचे डॉक्टर (सही) २. शेजारचे शिंपीकाका (सही)

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १२ मार्च