कॉम्प्युटरवर मोकळी दिसणारी मी

अहो, तुमच्या लेकाने मला कॉम्प्युटरवर चढवलंय! आधी हे ऐका, नमस्कार मागून करते.

ऑफिसातला एकेक माणूस तीन-तीन कामांना कसा पुरवायचा, हे तो ज्या सॉफ्टवेअरवर ठरवतो, त्यातच माझं नाव घातलंय. सकाळी त्याचं बाळ, दुपारी पलीकडच्या गल्लीत लेकीची पोरं. जरा पाठ टेकली की तिथे लेकीलाही मी मोकळी दिसते, आणि लगेच तिचा फोन, "आई, रिकामीच आहेस ना?"

"यात माझं गावाकडचं घर कुठंय रे?" विचारलं, तर म्हणतो, "ज्याला माणूस हवा, त्याने मागणी टाकायची. बाबांनी कुठे टाकलीय?"

मी धडधाकट आहे. तुमचा खोकला मात्र मला शेजारणीकडून कळतो. तुमच्या पायांना नमस्कार.

आता गुमान मागणी टाका. पत्र तुम्हीच लिहायचं, तेही मला नाही, लेकाला.