टेकडीवरची काळी माती

मी थोरा एंगेब्रेट्सन, कै. पामर यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार फिलमोर काउंटी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, भांडी आणि बँकेतील शिल्लक मुलगी मॅरिट हिला द्यावी. ती अ‍ॅरिझोनात असते, नाताळला फोन करते. घर ती विकणार, हे मला ठाऊक आहे. माझी हरकत नाही.

२. पामरचा नांगर भंगारात द्यावा. कोणी मागितला तरी देऊ नये. पामरने आणि त्याच्या वडिलांनी थंडीच्या तोंडावर टेकडी नांगरायची आणि बर्फ वितळला की तिची काळी माती ओढ्याला जायची. मी या घरात आले तेव्हा टेकडीचा माथा पिवळा पडला होता. पामर गेल्यावर मी तिथे पूर्वीचे रानगवत पेरले. धाकटा दीर ऑर्व्हिल कुंपणापलीकडून ओरडला, "वहिनी, आता काय गवत खाणार का? जमीन मला खंडाने द्या." मी नाही म्हटले. तेव्हापासून तो चर्चमध्येसुद्धा दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसतो.

या गवताची मुळे माणसाच्या उंचीहून खोल जातात. दरवर्षी त्यातली काही मरतात. आमच्याकडच्या थंडीत ती पुरती कुजत नाहीत. उरलेले मातीत मुरते, तिला काळी करते, तिचे कण धरून ठेवते. हे फार सावकाश होते. बोलायला कोणी नसले की पाहायला वेळ मिळतो.

३. टेकडी ऑर्व्हिलला द्यावी. गेल्या जूनच्या पावसात त्याच्या मक्याच्या शेतातली माती वाहून रस्त्यावर आली. माझ्या उतारावरून पाणी नितळ उतरले. दुसऱ्या दिवशी तो न विचारता वर चढला, गवत बाजूला सारून मूठभर माती उचलली, हुंगली. मी दारातून हाक मारली, "कॉफी ठेवलीय, भाऊजी!"

"नको वहिनी, बूट चिखलाचे आहेत." मग मुठीतल्या मातीकडे पाहत म्हणाला, "आजोबा सांगायचे, तसली झालीय ही."

आणि गेला. कॉफी मी एकटीने प्यायले.

नांगरू नये अशी अट वकिलांनी सुचवली. मी घातली नाही.

४. मला टेकडीवर नव्हे, पामरशेजारी पुरावे. पैसे भरलेले आहेत.

ठिकाण: प्रेस्टन. तारीख: १४ ऑक्टोबर १९९७.

सही: थोरा एंगेब्रेट्सन

साक्षीदार: १. रोनाल्ड प्रुशा २. जॉयस हेगडाल

दोघेही वकिलांच्या कचेरीत कामाला आहेत. ओळखीपैकी कोणाला बोलवायचे ते मला सुचले नाही. यांची माझी ओळख आजच झाली.